१९४०च्या दशकातले सिनेमे बघायचे, तर आधी एक माणूस धरा

"जुने सिनेमे बघायला सुरुवात करायचीय, एखादी यादी दे ना," असं कुणी म्हटलं की मी हल्ली यादी देत नाही. पूर्वी द्यायचो. पंधरा नावं, समोर साल, दिग्दर्शक, सगळं व्यवस्थित. मंडळी पहिला सिनेमा लावायची, वीस मिनिटं बघायची आणि पुढच्या वेळी भेटली की विषय बदलायची. चूक त्यांची नव्हती. यादीतला एक सिनेमा कोल्हापूरचा, दुसरा कलकत्त्याचा, तिसरा मद्रासचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. खरखरत्या आवाजाच्या, पांढुरक्या पडलेल्या चित्राच्या सिनेमाशी दरवेळी नव्याने ओळख करून घ्यायची म्हणजे दमायला होतंच.

म्हणून आता एवढंच सांगतो, की सिनेमा निवडू नका, माणूस निवडा. नट, गायिका, संगीतकार, दिग्दर्शक, कुणीही चालेल. त्या माणसाचा हात धरून एका सिनेमातून दुसऱ्यात जा. दुसऱ्या कुठल्या दशकाला ही युक्ती लागू पडेलच असं नाही, पण १९४० ते १९४९ या काळाला ती फार चपखल बसते. १९४०पर्यंत सिनेमा म्हणजे कंपनी होती. पुण्यात प्रभात, मालाडला बॉम्बे टॉकीज, कलकत्त्याला न्यू थिएटर्स. नटापासून सुतारापर्यंत सगळे पगारावर, महिन्याच्या महिन्याला. हा संसार चाळीसच्या दशकात मोडला. १९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं. बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू राय १९४० सालीच गेले होते, मागे भांडणं आणि फाटाफूट. माणसं कंपन्या सोडून सुटी सुटी काम करायला लागली. त्यामुळे एका माणसाचा माग काढलात की चार कंपन्या, दोन-तीन गावं आणि अख्खी धामधूम आपसूक बघून होते.

आधी कान तयार करा

माणूस धरण्याआधी एक छोटी तयारी. पहिला सिनेमा मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका. त्या काळचं ध्वनिमुद्रण एकाच माइकवरचं, त्यात प्रिंट झिजलेली, आणि आंतरजालावरची प्रत म्हणजे कशाची तरी प्रत काढून तिची पुन्हा काढलेली प्रत. संवाद कळले नाहीत की माणूस अभिनयाला नावं ठेवतो. कानात हेडफोन घाला, खरखर पहिल्या दहा मिनिटांत कानामागे पडते.

दुसरं, संथपणाची सवय. तेव्हाचे संगीतप्रधान सिनेमे गाण्यासाठी थांबतात, अगदी उघडपणे थांबतात. नट उभा राहतो, कॅमेरा उभा राहतो. गाणं पुढे ढकलून बघितलंत तर बऱ्याच वेळा सिनेमाच पुढे ढकलला जातो, कारण कथेतलं वळण गाण्यात असतं. तरीही पहिली वीस मिनिटं बघून मन लागलं नाही, तर खुशाल बंद करा. तो काळ होता म्हणून प्रत्येक सिनेमा चांगला होता, असं अजिबात नाही. रडवे कौटुंबिक सिनेमे ढिगाने निघाले आणि त्यातल्या सोशिक सुना बघताना आज चीड येते. ती येऊ द्यावी.

एक धागा करून दाखवतो: लता

लताबाईंचं नाव घेतलं की १९५० नंतरचं आठवतं. पण या दशकात त्यांना गाठायचं असेल तर चार मुक्काम आहेत.

पहिला १९४२. वडील मास्टर दीनानाथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेलेले. मुलगी बारा-तेरा वर्षांची. नवयुग या चित्रपट कंपनीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये तिला छोटं काम आणि गाणं मिळालं, 'नटली चैत्राची नवलाई', संगीत दादा चांदेकरांचं. (त्याआधी 'किती हसाल'साठी तिने एक गाणं म्हटलं होतं, पण ते सिनेमातून वगळलं गेलं.) सिनेमा पुरता सापडला नाही तरी हे गाणं कुठे मिळालं तर ऐका. पुढे जो आवाज आपल्या घराघरांत गेला, त्याची इथे फक्त चाहूल आहे.

दुसरा मुक्काम १९४५चा 'बडी माँ'. दिग्दर्शक मास्टर विनायक, म्हणजे मंगेशकर कुटुंबाला आधार दिलेला माणूस. नायिका नूरजहाँ. लता आणि आशा दोघी यात छोट्या कामांत आहेत. इथे थांबून नूरजहाँला नीट ऐका. त्याच्याच पुढच्या वर्षी आलेला मेहबूब यांचा 'अनमोल घडी' बघितलात तर आणखी उत्तम. त्यात नूरजहाँ, सुरैया आणि सुरेंद्र तिघंही स्वतःच्या आवाजात गातात. पडद्यावर जो दिसतो तोच गातो, ही पद्धत जाता जाता केवढ्या उंचीवर पोचली होती ते कळतं.

तिसरा मुक्काम १९४८, 'मजबूर', 'दिल मेरा तोड़ा'. संगीतकार गुलाम हैदर. नूरजहाँ १९४७ साली पाकिस्तानात गेलेल्या. या गाण्यात लताबाईंच्या आवाजावर त्यांची सावली स्पष्ट ऐकू येते. आणि चौथा, १९४९ सालचा बॉम्बे टॉकीजचा 'महल', संगीत खेमचंद प्रकाशांचं. 'आयेगा आनेवाला' गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! गाणाऱ्या बाईचं नाव छापायची गरजच तेव्हा कंपनीला वाटली नव्हती.

सात वर्षं, चार-पाच सिनेमे. पार्श्वगायन म्हणजे काय, ते कसं आलं आणि त्याने काय बदललं, हे यातून जितकं उमगतं तितकं एखादा लेख वाचून उमगणार नाही. आणि वाटेत नवयुग, मास्टर विनायक, मेहबूब, खेमचंद प्रकाश, बॉम्बे टॉकीज एवढी मंडळी भेटली. त्यातला जो आवडेल तो पुढचा धागा.

दुसरे धरण्यासारखे हात

गाण्यांपेक्षा अभिनय आवडत असेल तर गजानन जागीरदार. १९४१च्या 'शेजारी'त त्यांचा मिर्झा बघा आणि तीन वर्षांनी आलेल्या 'रामशास्त्री'त रामशास्त्री प्रभुणे. 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शनातही त्यांचा हात आहे, राजा नेने आणि विश्राम बेडेकरांच्या जोडीने. ललिता पवार यात आनंदीबाई आहेत. 'ध'चा 'मा' आपण शाळेत पाठ केलेला असतो, तरी राघोबादादांना मृत्युदंड सांगणारा न्यायाधीश जेव्हा पडद्यावर आवाज न चढवता बोलतो, तेव्हा अंगावर काटा येतो. 'दोन घडीचा डाव' हे गाणंही यातलंच.

'शेजारी'बद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण नवख्या माणसाला एकच मराठी सिनेमा सांगायचा झाला तर मी हा सांगेन. एका गावातले दोन म्हातारे शेजारी, जीवबा पाटील आणि मिर्झा. एक हिंदू, एक मुसलमान, आणि दोघांचा जीव बुद्धिबळाच्या पटात. गावात धरणाचं काम येतं, कंत्राटदाराला गावाची एकी नको असते, आणि तो या दोन घरांत पाचर मारतो. बस, एवढीच गोष्ट. पण शांतारामबापूंनी भांडण दाखवण्याआधी सुखाचे दिवस इतके निवांतपणे दाखवलेत की नंतरचा अबोला सहन होत नाही. 'लखलख चंदेरी तेजाची न्यारी दुनिया' हे मास्टर कृष्णरावांचं गाणं तुम्ही ऐकलेलं असेलच. ते इथे शेकडो माणसांच्या तोंडी एकदम उसळतं, तेव्हा पहिल्यांदा त्याचा अर्थ लागतो. शेवटी धरण फुटतं. प्रभातच्या कारागिरांनी उभं केलेलं ते दृश्य आजही खोटं वाटत नाही. पण माझं लक्ष दरवेळी पाण्याकडे नसतं, त्या पाण्यात एकमेकांचा हात न सोडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे असतं.

याची हिंदी आवृत्ती 'पडोसी'. हिंदीतही मिर्झा जागीरदारच, पण पाटलाच्या जागी आलेला ठाकूर केलाय मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. ही निवड जाणूनबुजून केलेली होती, आणि १९४१ साली.

इथे माझी फजिती सांगतो. मी 'पडोसी' आधी बघितला आणि मझहर खानांनाच केशवराव दाते समजून चार ठिकाणी त्यांचं कौतुक करत फिरलो. मराठीतला पाटील दात्यांनी केलाय हे एका काकांनी भर कार्यक्रमात, माइकवर, सांगितलं. तेव्हापासून पुढची पायरी मी कधी चुकवत नाही.

शोधताना: नावं, सालं, लांबी

त्या काळी पुण्या-कोल्हापुरातल्या कंपन्या बरेच सिनेमे दोन भाषांत काढायच्या. डबिंग नव्हे, एकेक दृश्य दोनदा घ्यायचं, कधी तेच नट, कधी वेगळे. त्यामुळे एका नावाने सिनेमा नाही मिळाला तर दुसऱ्या नावाने शोधा. 'शेजारी' आणि 'पडोसी', 'दहा वाजता' आणि 'दस बजे', 'पायाची दासी' आणि 'चरणों की दासी', 'लोकशाहीर रामजोशी' आणि 'मतवाला शायर रामजोशी'. दोन्ही मिळाले तर आधी मराठी बघा, मग हिंदीतली दोन-तीनच दृश्यं ताडून पाहा.

नावाबरोबर साल टाकायला विसरू नका. 'किस्मत', 'शहीद', 'अंदाज', 'बरसात', 'मेला' ही सगळी नावं पुढे पुन्हा पुन्हा वापरली गेली. रोमन लिपीतलं स्पेलिंग तर प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा देवनागरीतही टाकून बघा. आणि नटाचं नाव अधिक सिनेमाचं नाव असा शोध घेतला तर कधी कधी कुणी चुकीच्या नावाने चढवलेली प्रत हाती लागते.

आता आंतरजालावर हे सिनेमे इतके मोकळे का पडलेत? आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९४९चा सिनेमासुद्धा २००९ संपताना त्या हक्कातून मोकळा झाला. (गाण्यांचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, तेव्हा स्वतः काही चढवायला जाऊ नका.) त्यामुळे एकाच सिनेमाच्या पाच-सहा प्रती यूट्यूबवर असतात, कुणी त्यावर आपला शिक्का नायिकेच्या गालावर मारलेला, कुणी रंग भरलेला. रंग भरलेली प्रत घेऊ नका. छायाप्रकाशाची सगळी मेहनत त्यात मातीत जाते.

मग प्रत निवडायची कशी? लांबीवरून. हा हिशेब एकदा समजून घ्या, फार कामाला येतो. ३५ मिमीची बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं. जुन्या सिनेमांची लांबी पुस्तकांत आणि जाहिरातींत फुटांत किंवा रिळांत दिलेली असते. फुटांना नव्वदने भागा, मिनिटं मिळतात. आता समोरच्या प्रतीची मिनिटं बघा. वीस मिनिटं कमी असतील तर दोन रिळं कुणाच्या तरी कात्रीत किंवा वाळवीत गेली.

यातच त्या दशकाची एक गंमत दडली आहे. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म परदेशातून येणं आटलं. सरकारने परवाने लावले आणि चित्रपटाच्या लांबीला ११,००० फुटांची मर्यादा घातली. नव्वदने भागा: दोन तास आणि वर दोन मिनिटं. युद्धाच्या उत्तरार्धातले सिनेमे आधीच्यांपेक्षा आटोपशीर का वाटतात, याचं हे एक कारण. दिग्दर्शकांना आटोपशीरपणा साधला होता असं नाही, फिल्मच नव्हती.

प्रत तुटकी आहे का हे पडद्यावरही ओळखता येतं. उजव्या वरच्या कोपऱ्यात मध्येच एक ठिपका चमकतो, सातेक सेकंदांनी पुन्हा एक. रीळ संपत आलं, दुसरं यंत्र सुरू कर, ही ऑपरेटरला केलेली खूण. प्रतीत हे ठिपके टिकले असतील तर एकदा घड्याळ लावून बसा. दर दहा-अकरा मिनिटांनी येणारा ठिपका मध्येच सहा मिनिटांनी आला, तर तिथे कुठेतरी तुकडा गेलाय. आणि नेमकं तिथेच कथा अचानक उडी मारत असेल तर पटकथाकाराला माफ करा. मला हे समजलं तेव्हा आधी नावं ठेवलेले दोन सिनेमे मी गुपचूप पुन्हा बघितले.

सिनेमा नाही, पण त्याच्याभोवतीचं सगळं आहे

या दशकातले पुष्कळ सिनेमे आज नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, कापसाच्या गंजीसारखी पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असायची, म्हणून धंदा संपलेल्या प्रिंटा चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. ८ जानेवारी २००३ला पुण्यात चित्रपट संस्थेच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. आपण आज 'शेजारी' बघतो ते आधी करून ठेवलेल्या प्रतींच्या जिवावर.

तेव्हा सिनेमा मिळालाच नाही तर काय करायचं? गाण्याची पुस्तिका शोधा. थिएटरवर आणा-दोन आण्याला मिळणारी, चार-आठ पानांची. त्यात श्रेयनामावली, गाणी आणि कथेचा सारांश. सारांश नेहमी ऐन मोक्याला तुटतो आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणून सांगतो. सिनेमा हरवलेला असला की ते वाक्य वाचून हसावं की रडावं कळत नाही. जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानांत, संग्राहकांकडे या पुस्तिका अजून सापडतात. किंमत विचारताना चेहरा कोरा ठेवा.

हिंदी गाण्यांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी एकहाती केलेला गीतकोश आहे. त्याचा दुसरा खंड १९४१ ते १९५०चा. सिनेमाचं साल, कंपनी, संगीतकार, गाण्यांचे मुखडे, तबकड्यांचे क्रमांक, सगळं त्यात. वाचनालयात असेल तर तिथेच बसून पानं चाळा. एका रविवारी पाहिजे तेवढे धागे मिळतील. गाणी ऐकताना एक लक्षात ठेवा की तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. त्यामुळे सिनेमातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं पुष्कळदा वेगळं असतं, कधी एखादं कडवं कमी, कधी गाणारा गळाच दुसरा.

आणि बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' मासिक. त्याचे बरेचसे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. इंग्रजीत आहे, पण इतकं झणझणीत की इंग्रजी विसरायला होतं. वाचताना एवढं ध्यानात असू द्या, की हे गृहस्थ स्वतःही सिनेमे काढत होते आणि सुशीला राणी त्यांत नायिका असायच्या. म्हणजे परीक्षक आणि उमेदवार एकच. माझा नेम असा, की आधी सिनेमा बघायचा, मग पटेलांचं परीक्षण वाचायचं, मग त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायचं. जाहिराती मात्र सगळ्या वाचा. कुठला सिनेमा कुठे किती आठवडे चालला, कुठल्या कंपनीने मोठ्या घोषणा करून पुढे काहीच काढलं नाही, हे जाहिरातींतच सापडतं.

माहिती ताडून बघायला इंडियनसिने.मा हे संकेतस्थळ चांगलं आहे. मराठीत इसाक मुजावरांनी या काळावर आयुष्यभर लिहिलं, त्यांची पुस्तकं जुन्या वाचनालयांत हमखास असतात. आणि त्या काळच्या बायकांची आत्मचरित्रं वाचा, आधी हंसा वाडकरांचं. 'संत सखू'तली सोशिक सखू आणि 'रामजोशी'तली तमासगीर बया ही एकच बाई, हे पडद्यावर बघून मग त्यांचं स्वतःचं बोलणं वाचलं, की सिनेमा वेगळाच दिसायला लागतो.

कमी बघितले गेलेले, पण चुकवू नयेत असे

'किस्मत'चं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. १९४३ साली, 'चले जाव'ला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, 'दूर हटो ऐ दुनियावालो, हिंदुस्तान हमारा है' पडद्यावर आलं. ओळीत 'जर्मन हो या जापानी' घातलेलं, म्हणून इंग्रज सेन्सॉरला हरकत घेता येईना, आणि प्रेक्षकांना काय कळायचं ते कळलं. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून जास्त चालला. तो बघाच, पण तिथे थांबू नका.

मेहबूब यांचा १९४२चा 'रोटी' बघा. पैशाच्या हव्यासावर इतका उघड हल्ला नंतर क्वचितच झाला. चंद्रमोहनचे डोळे आणि अख्तरीबाई फैजाबादींची, म्हणजे पुढच्या बेगम अख्तरांची, गाणी. १९४६चे दोन: चेतन आनंद यांचा 'नीचा नगर', ज्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि ज्याला रविशंकरांचं संगीत आहे, आणि ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'धरती के लाल', बंगालच्या दुष्काळावरचा. दुसरा जास्त ओबडधोबड आहे आणि मला जास्त आवडतो. १९४८चा उदय शंकर यांचा 'कल्पना' हा तर सबंध नृत्याचाच सिनेमा. त्याची दुरुस्त प्रत २०१२मध्ये कानला दाखवली गेली. चांगल्या पडद्यावर लागला तर सुट्टी टाकून जा.

मराठीत मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून' १९४०चा. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ यात पहिल्यांदा चालते-बोलते झाले. दामुअण्णा मालवणकर नुसते उभे राहिले तरी हसू येतं. १९४७चा 'लोकशाहीर रामजोशी' हा राजकमलचा. लेखन ग. दि. माडगूळकरांचं, संगीत वसंत देसाईंचं, दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम दोघांची नावं. पुढे वीस-पंचवीस वर्षं मराठी सिनेमा फडातून बाहेर पडेना, त्याचं पुण्य आणि पाप दोन्ही याच्या यशाच्या खात्यावर. तरी सवाल-जवाब बघताना हा हिशेब कुणाला आठवतो? १९४८च्या 'वंदे मातरम्'मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई नायक-नायिका आहेत. पुलंना फक्त कथाकथनातून ओळखणाऱ्यांना हा धक्का मी हमखास देतो.

आणि सोलापूरकरांसाठी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६. कोटणीस सोलापूरचे, युद्धात जखमी झालेल्या चिनी सैनिकांची सेवा करता करता १९४२मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी ही भूमिका स्वतः केली. आपल्या नटांना चिनी दाखवण्याचा खटाटोप आज ओशाळवाणा वाटतो, ते गृहीत धरून बघावं.

घराबाहेर पडा

महिन्याला एक सिनेमा तरी चार माणसांत बघा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासून. तिथल्या थिएटरात जुन्या सिनेमांचे खेळ होतात, वेळापत्रकावर डोळा ठेवा. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत, आणि पेडर रोडला चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे जुने कॅमेरे आणि यंत्रं जवळून बघता येतात. अमेरिकेत, आखातात, कुठेही असाल तर तिथल्या मराठी मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात अर्धा तास मागून घ्या. पूर्ण सिनेमा लावू नका, 'शेजारी'तलं एक गाणं आणि शेवटची दहा मिनिटं लावा.

सोबत एक वही असू द्या. प्रत्येक सिनेमाचं साल, कंपनी, कुठे बघितला, प्रत किती मिनिटांची होती, आणि श्रेयनामावलीतलं एक अनोळखी नाव. हे शेवटचं महत्त्वाचं. तुतारी फुंकणारी प्रभातची बाई दिसली की लोक पुढची अक्षरं बघतच नाहीत. तुम्ही तिथे थांबवून वाचा. १९४६चा प्रभातचा 'हम एक हैं' सापडला तर बहुतेक जण तो देव आनंदचा पहिला सिनेमा म्हणून बघतात. त्यातली नृत्यं बसवणारा पोरगा तेव्हा प्रभातमध्येच उमेदवारी करत होता. देव आनंदशी त्याची गट्टी जमली ती धोब्याने दोघांचे शर्ट अदलाबदल केले म्हणून. त्याचं नाव गुरुदत्त. वहीत लिहून ठेवा, पुढच्या दशकात लागेल.